याला कोणी आणलं?

शनिवारी दुपारी लॉन्ड्रीचे शटर अर्धे ओढून घेऊन बाई बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झग्यांना इस्त्री करत होत्या. लेक शटरखालून वाकून आत आली. चाळिशीला टेकली तरी घरात ती अजून बेबीच होती, आणि उद्या तिचाच नवरा यातला सगळ्यांत लांब झगा घालून पाण्यात उतरणार होता. बाईंना वाटले, झगा बघायला आली. त्यांनी तो हँगरसकट तिच्यापुढे धरलासुद्धा.

बेबीने झग्याकडे पाहिले नाही. "काल यांनी मला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं म्हणाले."

बाईंनी झगा परत दांडीला अडकवला आणि इस्त्री उभी करून ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कापड जळले नव्हते, आजही जळले नाही.

"वर चल," त्या म्हणाल्या. "इथे नको."

"वरच जायचंय. दादाला आणि वहिनीलाही थांबायला सांगितलंय. हे बाहेर उभे आहेत, त्यांनाही बोलावते."

म्हणजे ठरवून आली होती. बाई जिना चढू लागल्या. भीती वाटत होती, ती लेकीची नव्हती. उद्याची होती.

बाईंच्या त्या उद्याला तसा मोठा इतिहास होता. अकरा वर्षांपूर्वी बेबीने मंडळीबाहेरच्या, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये नसलेल्या माणसाशी, लिफ्ट बसवणाऱ्या इंजिनिअरशी, कोर्टात जाऊन लग्न केले. तोवर बाई मंडळीतल्या बायकांचा शुक्रवारचा बायबल वर्ग घेत. लग्नानंतरच्या आठवड्यात मंडळीच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, बायको दुकानात आली, बाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, तुम्हाला आता जरा विश्रांती हवी. एवढ्या गोड आवाजात म्हणाली की बाईंनी तिचे आभार मानले, आणि वर्ग गेला हे त्यांना तिच्या पाठमोऱ्या साडीकडे बघताना कळले. वर्ग चष्म्याच्या दुकानवालीला मिळाला. तिला धड दोन ओळी न अडखळता वाचता येत नव्हत्या, पण तिच्या तिन्ही मुली मंडळीत दिल्या होत्या.

तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला. जावयाला मंडळीत आणायचे.

दारोदार जाऊन साक्ष देणे, लोकांना प्रभूबद्दल सांगणे त्यांना कधी जमले नाही. अनोळखी माणसासमोर उभे राहिले की घशाला कोरड पडे. पण लोकांचे खिसे त्यांच्या ताब्यात होते. इस्त्री झालेल्या प्रत्येक कोटाच्या आतल्या खिशात बाई बायबलमधले वचन छापलेले एक छोटे कार्ड ठेवत. कोणी ते रस्त्यातच फेकून देई. एका जाडजूड वकिलाने परत येऊन दम भरला होता की माझ्या खिशात माझ्या परवानगीशिवाय देवसुद्धा ठेवायचा नाही. एक जण मात्र कित्येक वर्षांनी मंडळीच्या दारात येऊन उभा राहिला होता, खिशात सतरा कार्डे घेऊन. त्या एकावर बाई बरीच वर्षे जगल्या.

या कामाचे दोन नियम होते. पहिला बाईंचा स्वतःचा: डब्यात न बघता हात घालायचा, येईल ते कार्ड त्या माणसाचे. निवडून काढायचे नाही. कोणाला काय ऐकवायचे हे प्रभू ठरवील, आपण कोण. दुसरा नियम बाबांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, आणि तो धंद्याचा होता. गिऱ्हाइकाच्या खिशात जे निघेल ते कागदाच्या पुडीत बांधायचे, टाचणीने हँगरला लावायचे आणि त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचे नाही.

मागच्या थंडीत जावयाच्या राखाडी कोटाच्या आतल्या खिशात कागदी रुमालाची एक घडी निघाली. तिच्यात लहान मुलाचा दुधाचा दात होता.

बेबीला मूल नव्हते. जावयाला ना भाऊ ना बहीण. महिन्यातून आठ-आठ दिवस तो कामासाठी दुसऱ्या शहरात राही. बाई दात तळहातावर घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या पोराचा दात कोणी छातीशी घेऊन हिंडत नाही, हे समजायला त्यांना कोणाच्या मदतीची गरज लागली नाही.

त्या दिवशी त्यांनी डबा टेबलावर उपडा केला आणि हवे ते कार्ड मिळेपर्यंत शोधले. झाकलेले उघडे पडल्यावाचून राहत नाही, अशा अर्थाचे वचन होते. ते खिशात ठेवले, दात पुडीत बांधला आणि बोलल्या कोणाशीच नाहीत. एक नियम मोडला आणि एक पाळला. नेमके उलटे केले असते तर या घराचे काही वेगळे झाले असते.

पुढच्याच रविवारी जावई मंडळीत येऊन शेवटच्या बाकावर बसला. मग दर रविवारी. दोघांमध्ये कधी एक शब्द झाला नाही. तो नजर चुकवी, त्या हात जोडत.

वर खोलीत दादा टेबलाच्या टोकाला बसला होता. दादा शाळेत गणित शिकवी आणि मंडळीच्या कारभारी समितीत होता. दोन्हीकडे तो बोटांवर मुद्दे मोजून बोले. वहिनी दाराशी उभी. ती खालीच इस्त्रीला असे आणि सासूच्या शब्दाबाहेर गेल्याचे कोणाला आठवत नव्हते. बाबा खिडकीत बसून गिऱ्हाइकाच्या एका शर्टाच्या बाहीवरचा कसलासा डाग खरवडत होते. डाग काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांना कमी ऐकू येते असे घरात सगळे धरून चालत आणि बाबा ते धरू देत.

जावई सगळ्यांत शेवटी आला. त्याला बसा म्हणायचे की नाही हे कोणालाच न कळल्यामुळे तो उभाच राहिला.

बेबीने जे सांगितले ते अगदी थोडक्यात. त्या शहरात एक बाई आहे, बरीच वर्षे आहे, मूल आहे. पाळक म्हणाले, पाण्यात उतरण्याआधी बायकोपाशी मन मोकळं करा, म्हणून काल मोकळं केलं. ती कोणा तिसऱ्याच घरातले सांगावे तसे सांगत होती. जावई मान खाली घालून ऐकत होता आणि मधेच एकदा "हो" म्हणाला, जरी त्याला कोणी काही विचारले नव्हते.

दादाचा चेहरा आधी पडला. मग हळूहळू सावरला. त्याने पहिले बोट दुमडले. झालं ते वाईट झालं, त्यात वाद नाही. दुसरे बोट. पण यांनी स्वतःहून कबूल केलं, कोणी पकडलं नव्हतं. तिसरे बोट दुमडताना त्याचा आवाज चांगलाच स्थिर झाला होता. पश्चात्ताप खरा असेल तर उद्याचा बाप्तिस्मा अडवणारे आपण कोण? फक्त तपशील मंडळीत जायला नकोत. घरातलं घरात राहील.

"कोणी पकडलं नव्हतं असं नाही," जावई म्हणाला. "आईंना माहीत होतं. त्यांनी मला खूण केली. ती केली नसती तर मी अजून तसाच..." त्याने वाक्य पुरे केले नाही. बाईंकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात एवढी कृतज्ञता होती की बाईंना त्याच्या कानफटात मारावीशी वाटली.

त्यांना दाताची हकीगत सांगावी लागली. त्यांनी ती खाली बघत सांगितली. दादाने ऐकून घेतले आणि त्याचे डोळे भरून आले. आई, म्हणाला, अगं ही केवढी मोठी साक्ष आहे. तू ओरडली नाहीस, भांडली नाहीस, एक वचन ठेवलंस आणि वाट पाहिलीस. विश्वासणाऱ्यानं असंच वागायला हवं.

बाईंनी मान वर केली. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांना तसे म्हटले होते, आणि लाज वाटते न वाटते तोच त्याखालून सुख वर आले. ते त्यांना दाबता आले नाही.

"तो राखाडी कोट," दारातून वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती अशा बैठकीत बोलत नसे.

"पुडी मीच टाचली होती हँगरला. आत काय आहे ते बघितलं नव्हतं, पण कोट आठवतो. जाड कोट थंडी सरताना येतात, मग वर्षभर येत नाहीत." ती सासूकडे बघत होती. "आई, बेबीताईंची ट्रीटमेंट त्यानंतर झाली ना? उन्हाळ्यात?"

बेबीने वहिनीकडे पाहिले, मग आईकडे. ती हे जुळवत होती हे बाईंना दिसत होते, आणि ते थांबवण्यासाठी त्यांच्याकडे काही नव्हते.

मूल व्हावे म्हणून उन्हाळ्यात केलेली ती शेवटची खेप होती. डॉक्टरनी आधीच सांगितले होते की या वयात शरीराला झेपायचे नाही. पण बेबी हटून बसली. महिनाभर पोटात सुया. मग ऑपरेशन, मग रक्तस्राव, मग आठवडाभर दवाखान्यात. जावई त्यातले अर्धे दिवस 'साइटवर' होता. खाटेशेजारच्या स्टुलावर बाईच बसून राहिल्या. बेबीचे केस विंचरले त्यांनी, तिला चमच्याने भरवले, आणि ती रडली की म्हणाल्या, प्रभूच्या मनात असेल तर होईल.

"तेव्हा तुला ठाऊक होतं," बेबी म्हणाली.

"होतं."

"मी तुला म्हटलं होतं, आई, यांना मूल हवंय म्हणून मी हे सगळं करतेय. तू माझ्या पायांना तेल लावत होतीस."

"बेबी, मी सांगितलं असतं तर तू त्यांना सोडून आली असतीस. संसार मोडला असता. मला वाटलं, त्यांच्याच तोंडून यावं. आधी मन बदलावं, मग..."

"मी सुया टोचून घेत होते, आणि तू यांचं मन बदलायची वाट बघत होतीस?"

दादाने पुन्हा मुद्दा मांडायचा प्रयत्न केला. आईचा हेतू बघ, असे काहीसे तो म्हणू लागला. वहिनीने दारातूनच सांगितले, "तुम्ही जरा गप्प बसा." त्या दोघांच्या लग्नाला सोळा वर्षे झाली होती. दादा खरोखरच गप्प बसला.

मग खिडकीतून बाबांनी विचारले, "मुलगा की मुलगी?"

जावई दचकला. "मुलगी," तो म्हणाला. "आठवं लागलंय."

"आता तिच्याकडे कोण जाणार?"

जावयाने दादाकडे पाहिले. बाबांनी प्रश्न पुन्हा विचारला, त्याच आवाजात. तेव्हा जावई म्हणाला की पाळकांनी सांगितलंय, जुनं सगळं सोडायचं. त्या घराशी आता संबंध नाही. गेल्या आठवड्यात शेवटचा जाऊन आलो. मुलगी झोपली होती, म्हणून तिला काही सांगितलं नाही.

"म्हणजे ती वाट बघत बसणार," बाबा म्हणाले. त्यांनी बाही मांडीवर नीट पसरली. "मी उद्या येत नाही. माझ्या नावानं कोणी काही विचारलं तर बरं नाही म्हणून सांगू नका. बरा आहे मी."

या माणसाने बाईंच्या कार्डांना कधी विरोध केला नव्हता. ती छापून आणायचाही तोच. बाईंना वाटले, आता हाही गेला. आणि त्यांना राग आला, चांगलाच आला. जावई पाण्यात उतरावा म्हणून अकरा वर्षे गुडघे घासले ते एकटीनेच का? तेव्हा हे सगळे आमेन म्हणत होते. त्यांनी हे मोठ्याने बोलूनही दाखवले.

बेबी उठली. तिला आता भांडायचे नव्हते, असे दिसत होते. "यांच्याबरोबर राहायचं की नाही ते माझं मी बघेन," ती म्हणाली. "बाप्तिस्मा घेऊ देत. त्यांचा आणि देवाचा मामला. आई, तू जरा खाली चल माझ्याबरोबर."

खाली इस्त्रीचा वास अजून हवेत होता. झगे दांडीवर ओळीने लटकत होते. बेबी काउंटरला टेकली आणि बाईंना वाटले, आता रडेल, आता मला जवळ घेता येईल. पण ती रडली नाही.

"दात सापडला त्या दिवशी प्रार्थना केलीस?"

"केली."

"कोणासाठी?"

बाईंना खोटे बोलता येत नसे. लहानपणापासूनची सवय होती, पुण्य वगैरे काही नव्हते. "त्यांच्यासाठी," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आत्म्यासाठी."

"आणि माझ्यासाठी?"

बाई आठवू लागल्या. खरोखर प्रामाणिकपणे आठवू लागल्या, तो दिवस, ती संध्याकाळ, पुढचे दिवस. बेबीने बरीच वाट पाहिली.

"राहू दे," ती शेवटी म्हणाली. "मला एकच गोष्ट हवी आहे. उद्या पाळक विचारतील ना, याला कोणी आणलं म्हणून? तू उभी राहू नकोस."

मंडळीची ती जुनी रीत होती. माणूस हौदात उतरला की पाळक सगळ्यांना विचारत, याला कोणी आणलं? ज्याच्या साक्षीने तो विश्वासात आला तो उभा राही आणि कसे आणले ते दोन वाक्यांत सांगे. कोणीच उभे राहिले नाही तर पाळक म्हणत, प्रभूनेच आणलं, आणि बाप्तिस्मा पुढे चाले. त्यात कोणाचा अपमान नव्हता. जावयाला तर काही फरकच पडणार नव्हता.

"तेवढंच," बेबी म्हणाली. "माझं जे झालं ते तुझी साक्ष म्हणून मला ऐकायचं नाही. मी येणार आहे, मागे बसेन. तू फक्त बसून राहा."

"विचार करते," बाई म्हणाल्या. बेबीने आईकडे नीट पाहिले, आणि शटरखालून वाकून निघून गेली.

बाईंनी विचार केला. झग्यांच्या राहिलेल्या बाह्यांना इस्त्री करता करता केला, आणि रविवारी सकाळी वेणी घालतानाही केला. उभे राहायचे नाही असेच त्यांनी ठरवले. लेकीने जन्मात फारसे काही मागितले नव्हते. दवाखान्यातला तिचा चेहरा आठवून त्यांना भडभडून आले, आणि प्रार्थनेत त्यांनी पहिल्यांदाच बेबीचे नाव घेतले. मन हलके झाले. नको तेवढे हलके झाले.

सभागृह भरले होते. वर्षात इतके झगे एकदम ओले होण्याचा दिवस क्वचित येई. बाईंची जागा नेहमीप्रमाणे चौथ्या बाकावर, पुढच्या बाकावर चष्म्याच्या दुकानवाली. दादा समितीच्या लोकांत बसला होता. वहिनी बाईंच्या शेजारी न बसता मागे जाऊन बेबीजवळ बसली होती. बाबा नव्हते.

आधी दुसऱ्यांची पाळी झाली. एका शिंप्याला त्याच्या शेजाऱ्याने आणले होते, एका नर्सला तिच्या पेशंटने. शेजारी उभा राहून इतका रडला की त्याला काही सांगताच आले नाही, आणि तेच सगळ्यांना फार आवडले.

मग जावई पाण्यात उतरला. झगा त्याला नीट बसला होता. गार पाण्याने तो शहारला आणि लहान मुलासारखा हसला. पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभागृहाकडे वळून विचारले, "याला कोणी आणलं?"

बाई बसून राहिल्या. हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या. सभागृहात खोकण्याचे एक-दोन आवाज आले. पाळक थांबले होते, ते नेहमी थोडे थांबत. जावयाने बाईंकडे पाहिले आणि पटकन नजर काढून घेतली. एवढ्यात पुढच्या बाकावरची चष्म्याच्या दुकानवाली मागे वळली. बाईंकडे बघून ती हसली. त्यात वाईट काही नव्हते. कीव होती. अकरा वर्षे खपून शेवटी तुमच्या हातून नाहीच झालं ना, असे ते हसणे होते, निदान बाईंना ते तसे दिसले.

बाई उभ्या राहिल्या.

घशाला कोरड पडली नाही. "मी त्यांच्या कोटाच्या खिशात एक वचन ठेवलं होतं," त्या म्हणाल्या, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ गेला. "बाकी सगळं प्रभूनं केलं."

एकही शब्द खोटा नव्हता. सभागृहातून आमेनचा मोठा घोष उठला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी गाणे सुरू केले, आणि जावई पाण्याखाली गेला. बाई खाली बसल्या. दवाखाना, सुया, ते स्टूल आणि दुसऱ्या शहरात वाट बघत बसलेली ती पोर, हे सगळे त्या 'बाकी'मध्ये होते आणि ते त्यांनी एका वाक्यात प्रभूच्या माथी मारले होते. जन्मभर ज्याला श्रेय देत आल्या त्याच्यावर आज पहिल्यांदा त्यांनी आपला दोष ढकलला, आणि मंडळी त्यालाच स्तुती समजून गात होती.

उपासना संपल्यावर बायकांनी बाईंना गराडा घातला. रांगच लागली हात हातात घ्यायला. पाळकांची बायको कानाशी लागून म्हणाली, शुक्रवारचा वर्ग पुन्हा तुम्हीच घ्या बाई, सगळ्यांचं मत आहे. चष्म्याच्या दुकानवालीने मिठी मारली. बाई हो म्हणाल्या. त्यांना हसूही आले आणि ते चेहऱ्यावरून काढता येईना.

रांगेत बेबी होती. आपली पाळी येईपर्यंत ती शांतपणे थांबली. मग तिने पुढे होऊन, सगळ्या जणी घेत होत्या तसा, आईचा हात दोन्ही हातांत घेतला.

"साक्ष छान झाली, बाई," ती म्हणाली. गिऱ्हाइके म्हणतात तसे, मंडळीतल्या परक्या बायका म्हणतात तसे.

बाईंनी तिचा हात धरून ठेवला. बेबीने तो हलकेच सोडवून घेतला, आणि मागच्या बाईला पुढे यायला जागा करून देत ती बाजूला झाली.